पाणी लागू न देता वर्सोव्यापर्यंत

बोरीवली

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर चादरीची घडी. संध्याकाळी, गॅलरीत. दोन टोकं सुनंदाच्या हातात, दोन माझ्या. ओढायचं, झटकायचं, मग मी चालत पुढे जायचं आणि माझी टोकं तिच्या हातात द्यायची. इतकी वर्षं हे चाललेलं, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. तिने घडी गालाला लावली आणि म्हणाली, "ह्या कोपऱ्यात दमट आसा. परत घाला."

मी म्हटलं, "अगं चादर आहे, माझा कामाचा शर्ट नाय. मी रिटायर होऊन किती वर्षं झाली."

"घाला म्हटलंय ना."

घातली परत दोरीवर. पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला हार्ट. बाकी काय म्हणाला ते मी ऐकलं नाही.

आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या वार्षिकात दरवर्षी कोणीतरी प्रवास लिहितं. कोणी युरोप, कोणी केदारनाथ. या वर्षी मी लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे आणि मी बोरीवलीहून मुलुंडला जाऊन वर्सोव्यापर्यंत पोचलो, एवढंच. ज्यांना हा प्रवास वाटत नाही त्यांनी पान उलटावं.

कपडा गालाला लावायची खोड तिला माझ्या नोकरीने लावली. मुलुंडच्या केमिकल कारखान्यात मी सोडियम हायड्राइडच्या शेडवर होतो. वितळलेलं सोडियम तेलात घुसळून त्यात हायड्रोजन सोडायचा की हा माल तयार. राखाडी रंगाचा भुगा. तो तेलात मुरवून डब्यात भरायचा, कारण कोरडा उघडा ठेवला तर हवेतल्या दमटपणानेही तापतो. पाणी लागलं तर विचारू नका. हायड्रोजन फसफसून सुटतो, उष्णतेने पेट घेतो, वाट लागते. आग लागली तर पाणी नाही, फेस नाही, सुकी वाळू टाकायची. बनियन दमट असेल तर शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. म्हणून पावसाळ्यात सुनंदा माझे कपडे चुलीजवळ, मग गॅसजवळ, मग इस्त्रीने सुकवायची आणि गालाला लावून बघायची. हाताला दमट कळत नाही म्हणायची, गालाला कळतं.

आता मुद्द्याचं. अस्थी घेऊन आम्ही गोराईच्या खाडीवर गेलो. मुलगा महेश, सून, व्याही, भटजी, सगळे. भटजी म्हणाले सगळ्यांनी कलशाला हात लावा. मी हात लावला तेव्हा वरचं फडकं सुटलं आणि आत मला दिसला राखाडी भुगा. खाली पाणी. महेशने कलश वाकवला आणि मी ओरडलो, "पाण्यात टाकू नको." नुसता ओरडलो नाही, त्याच्या हातातून कलश हिसकावला आणि पोटाशी धरून मागे पळालो. या वयात. चप्पल चिखलात राहिली.

सगळ्यांना वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. भ्रम कसला. डोक्याला माहीत होतं की ही सुनंदा आहे. हाताला कोण सांगणार? हाताने सगळं आयुष्य एकच काम केलं होतं, की हा रंग आणि पाणी एकत्र येऊ द्यायचं नाही.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून कलश गॅलरीच्या ग्रीलला बाहेरून टांगला. शेजारी तीच चादर दोरीवर. सूनबाई दोनदा ती काढायला गेली, मी काढू दिली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन हळू आवाजात म्हणाले, काका, बरं दिसत नाही, मुलं घाबरतात. मी म्हटलं, तुमच्या मुलांना ती चिक्की द्यायची तेव्हा नाही घाबरली. भटजी म्हणाले, मुक्ती अडली आहे. मी म्हटलं, माझी अडलीय, तिची नाय.

महेश रविवारी नाशिकला न्यायचं म्हणाला. गाडी पण सांगितली. मी म्हटलं, "आधी मला हिला घेऊन चार ठिकाणी जायचंय. पाण्यात टाकायची तर ती मी टाकणार. हात तयार झाला की."

"आईला घेऊन? बाबा, आई नाहीये त्यात."

"मग नाशिकला गाडी करून कोणाला नेतोस?"

महेश वाईट मुलगा नाही. थकला होता.

चार ठिकाणं का, तर तिने माझा माल कधी पाहिला नव्हता. दसऱ्याला कारखान्यात पूजा असायची तेव्हा घरची माणसं आत येत. बायका आपापल्या नवऱ्याचं मशीन बघत, हात जोडत, कुंकू लावत. आमची शेड मात्र बंद. झेंडूचा हार पाणी झटकून कुलपाला घालायचा आणि नारळ लांब गेटवर फोडायचा, कारण नारळात पाणी. सुनंदा दरवर्षी कुलपाला हात जोडून परत यायची. "माजो नवरो कुलूप बनवता," असं गावाला सांगायची. एकदा तरी दाखवा म्हणायची.

मुलुंड

कलश पंच्यात गुंडाळून कापडी पिशवीत घेतला आणि लिंक रोडने बसने गेलो. बसमध्ये पिशवी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, लाडू काय? मी म्हटलं, नाही, घरचंच आहे.

मुलुंडला उतरून आधी फाफडा खाल्ला. बोरीवलीत फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारा ढीगभर देतात, इथे चिमूटभर, पण फाफडा जास्त खुसखुशीत. बोरीवलीच्या गुजराती शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते माझ्याशी बोलायचे बंद होतील. होऊ देत.

कारखान्याच्या जागी टॉवर आहेत हे ऐकून होतो. मान वर करून वरचा मजला बघायला गेलो तर टोपी पडली. गेटवर साताऱ्याकडचा वॉचमन.

"कोणाकडं जायचंय?"

"कोणाकडे नाय. इथे माझा कारखाना होता."

"तुमचा?"

"मी काम केलं म्हणजे माझाच."

तो हसला, पण आत सोडलं नाही. नियम आहे म्हणाला. मग मीच कंपाउंडच्या कडेने चालत गेलो. एक जुनं चिंचेचं झाड त्यांनी ठेवलंय, त्यावरून मला अंदाज आला. चिंचेपासून डावीकडे आमची शेड. तिथे जाळीतून बघितलं तर निळ्या लाद्या, पांढऱ्या खुर्च्या आणि पाणी. स्विमिंग पूल.

मी हसायला लागलो ते थांबेना. जिथे कपाळाचा घाम पडेल म्हणून टॉवेल बांधून काम केलं, जिथे पत्र्यातून एक थेंब सांडलेल्या चिमूटभर मालावर पडला आणि पिवळी ज्योत माणसाच्या छातीएवढी उठली, तिथे एक मुलगी हाताला फुगे बांधून डुंबत होती. वॉचमन धावत आला. "आजोबा, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

पाणी म्हटल्यावर मला आणखीनच हसू आलं. मग रडू आलं. त्याने स्वतःची खुर्ची आणून दिली आणि विचारलं, पिशवीत काय आहे. मी सांगितलं. त्याने टोपी काढली, जाळीचा एक पत्रा वाकवून फट मोठी केली आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

"बघ गं," मी पिशवीला म्हटलं, "कुलूप काढलंय."

घाटकोपर

घाटकोपरला असल्फाच्या टेकडीवर गणपत राहतो. माझा शेडवरचा जोडीदार, गावचा पण शेजारी. कारखान्यात येण्याआधी तो स्टेनलेस स्टीलच्या कामावर होता. तिथे हायड्राइड वितळलेल्या कॉस्टिक सोड्यात घालून सळ्यांवरची काळी खपली काढतात. हा माल खपलीतला प्राणवायू ओढून घेतो आणि खाली सळई चांदीसारखी निघते. गणपतच्या उजव्या हातावर त्या कॉस्टिकचा डाग अजून आहे. तो डाग दाखवून तो रिक्षावाल्यांना दमात घेतो.

पायऱ्या चढून मी दारात उभा, तर म्हणाला, "मेल्या, बायकोक पिशयेत घालून फिरतस?"

"तुझी तर घरातच बसून बसून कंटाळून गेली."

"माझी गेली तेव्हा मी तिला रीतसर सोडली. तू खाडीवरून पळालास म्हणे. साऱ्या गावात झालाहा."

"झाला तर होऊ दे."

त्याची बायकोही गेलेली, म्हणून आम्हाला एकमेकांना काही बोलायची मुभा आहे. पिशवी घरात नको म्हणून त्याने दारातल्या शेवग्याला टांगली, खाली मुंग्यांसाठी हळद टाकली. मग स्वतः कुळथाची पिठी केली, भात, भाजलेला सुका बोंबील. पिठी पातळ झाली होती. सुनंदाची पिठी चमच्याला धरून राहायची. मी तसं म्हटलं. गणपत म्हणाला, "मग तिका सांग करूक. झाडार टांगलेली आसा." दोघेही हसलो आणि मग बराच वेळ कोणी भात कालवला नाही.

त्याची मुलगी वैशाली कामावरून आली. एम.एस्सी. झालेली, अंधेरीला एमआयडीसीत औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. लहान असताना मी तिला खांद्यावर घेऊन गणपती दाखवलेत. मी तिला सरळ विचारलं, तुमच्याकडे हायड्राइड आहे का.

"आहे ना काका. परवाच नवा डबा आला."

"मला बघायचंय."

"तुम्ही तर आयुष्यभर बघितलंत."

"मला नाही. काकीला दाखवायचंय."

बापाने कपाळाला हात लावला. तिने नाही लावला. साहेबांना विचारते म्हणाली.

अंधेरी

रात्र गणपतकडे काढून सकाळी वैशालीबरोबर मेट्रोने निघालो. घाटकोपर मेट्रोला पिशवी मशीनमधून जाते. पलीकडच्या गार्डने पडद्यावर बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"चाचा, ये पावडर क्या है?"

"बीवी है."

तो माझ्याकडे बघत राहिला. मागे रांग तुंबली. मी पंचा सोडून कलशाचं फडकं दाखवलं. त्याने एकदम दोन्ही हात जोडले आणि पिशवी मशीनच्या पट्ट्यावर न ठेवता हातात आणून दिली. लोक म्हणतात मुंबईत माणुसकी राहिली नाही. ते बहुतेक घाईत असतात.

एमआयडीसीत बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही, पण साहेबांनी काचेबाहेरून बघायला परवानगी दिली. मी पिशवी काचेला टेकवून धरली. आत वैशालीने चष्मा, हातमोजे चढवले आणि डबा उघडला. तेलात भिजलेला राखाडी माल. किती वर्षांनी दिसला. तिने एवढासाच उचलला, सुक्या नायट्रोजनखाली पेल्यात घेतला. आम्ही फावड्याने भरायचो तो ती चमच्याने घेत होती. मला हसू आलं, पण तिचा हात बघितला आणि हसू गेलं. आमच्यापैकी कोणाचा इतका शांत हात नव्हता.

काम झाल्यावर बाहेर येऊन तिने सांगितलं. मला आयुष्यभर एवढंच माहीत होतं की डबे औषधवाल्यांकडे आणि अत्तरवाल्यांकडे जातात. ते त्याचं काय करतात हे कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"काका, हा समोरच्या पदार्थातला एक हायड्रोजन ओढून काढतो. तिथे जागा मोकळी होते. मग त्या जागेवर आपल्याला हवा तो तुकडा जोडता येतो."

"आणि हा स्वतः?"

"गॅस होऊन निघून जातो. सोडियम राहतं, ते मीठ होतं. तेही धुवून काढतो. शेवटी औषधात ह्याचं काही उरत नाही."

"सुनंदा रोज घ्यायची त्या गोळीत होता?"

"तिच्या गोळीचं मला नाही सांगता येणार. पण पुष्कळ औषधांत एखादी पायरी अशी असते."

खोटं बोलून मला बरं वाटवलं नाही, हे मला आवडलं.

उरलेला माल तसाच टाकता येत नाही, तो मारावा लागतो. तेही मी बघितलं. थेट पाणी कधीच नाही. बर्फात भांडं ठेवायचं, वरून नायट्रोजन, आणि आधी स्पिरिट थेंब थेंब सोडायचं. प्रत्येक थेंबाला फसफस. ती शांत झाली की पुढचा थेंब. घाई केली की गेलात. थेंब टाकूनही फसफस होईना झाली की मगच पाणी, तेही थेंबानेच. वैशाली अर्धा हात लांब उभी राहून, मान जराशी वळवून हे करत होती. आम्हीही मान तशीच वळवायचो. हे तिला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "बाबांनी. घरी, दुधाच्या पातेल्यावर."

निघताना तिने पिशवीला हात लावला. "काका, एक सांगू? राख म्हणजे जे जळून झालेलं असतं ते. तिच्यात पेटायला काही उरलेलं नसतं. घाबरू नका."

"तुला काय ठाऊक काय उरलंय ते," मी म्हटलं.

तिने मला जेवणाचा डबा दिला, पोळी आणि तोंडल्याची भाजी.

वर्सोवा

अंधेरीहूनच मी महेशला फोन केला. "नाशिक नाही. वर्सोव्याला ये, मढच्या फेरीबोटीपाशी. आई तुझी पण आहे."

"भटजींना सांगू?"

"नको. तू ये."

वर्सोव्याच्या गावात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. आमच्या गावाला जमिनीवर जाळं पसरून वाळवतात, इथे दोन-दोन जोडून तोंडात तोंड अडकवून टांगतात. सुनंदाला वर्षातून एकदा इथले बोंबील लागत. विकणाऱ्या कोळणीशी ती भांडायची, एक उचलून गालाशी न्यायची, आणि कोळीण ओरडायची, बाय, मासा हाय, पोर नाय. ती कोळीण आज दिसली. तिने मला ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तिच्यासमोर एक बोंबील उचलून गालाला लावला. खरखरीत, सुका. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठं हाय ती भांडखोर?" मी पिशवी उचलून दाखवली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

महेश ऑफिसच्या कपड्यांत आला. आम्ही फेरीबोटीत चढलो. चार माणसं, दोन स्कूटर, एक कोंबड्यांची पाटी. मी कडेला गेलो, वारा कुठून येतो ते बघितलं, वारा पाठीवर घेऊन उभा राहिलो. कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. फडकं सोडलं. एक चिमूट घेतली, हात लांब केला, मान वळवली. हात सुटेना.

"बाबा, मी टाकू?"

"थांब."

मागून त्याने माझा शर्ट मुठीत धरला, मी पडू नये म्हणून. लहानपणी चौपाटीवर मी त्याचा धरायचो तसा.

मी चिमूट सोडली.

काही झालं नाही. ना ज्योत, ना फसफस. पाण्यावर एक राखाडी डाग एवढासा पसरला आणि बोटीच्या मागे गेला. मी वाट बघितली. मग दुसरी चिमूट सोडली. तीही तशीच, गुपचूप. आणि मला राग आला. असा राग मला ती गेली तेव्हाही आला नव्हता. आयुष्यभर कोळणीशी, रेशनवाल्याशी, सेक्रेटरीशी, माझ्याशी भांडली ही बाई. माझा एक दमट कोपरा सोडला नाही. आणि पाण्यात पडल्यावर एवढीशी चुरचूर नाही?

"अगं, पेट की," मी मोठ्याने म्हटलं.

कोंबड्यांच्या पाटीवाला माणूस दचकला. महेशने माझा शर्ट आणखी घट्ट धरला. तो रडत होता की हसत होता, मी मागे वळून बघितलं नाही.

मढचा किनारा आला. सगळे उतरले, आम्ही नाही. बोटीचा तांडेल म्हणाला, "आजोबा, उतरायचं नाय?"

"संपलं नाय अजून."

त्याने कलशाकडे बघितलं आणि बोट वळवली. परत वर्सोवा, परत मढ. मी चिमटी-चिमटीने टाकत राहिलो, एक डाग नाहीसा झाला की पुढची. मुठीने टाक, लवकर होईल, असं महेश एकदाही म्हणाला नाही. मधल्या चिमटी त्याने टाकल्या, मी सांगितलं तशी मान वळवून. हाडं शेवटी, दोघांनी मिळून. कलश पालथा केला तेव्हा हाताला कळलं. डोक्याला आधी कळलं होतं, हाताला तेव्हा.

लोक म्हणतात सोडल्यावर हलकं वाटतं. मला नाही वाटलं. भटजी म्हणतील मुक्ती झाली. झाली असेल तिची. मी माझी अजून दिलेली नाही आणि मला कोणी घाई करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेलो. ग्रीलला कलश टांगायचा तो हूक रिकामा होता. दोरीवर चादर होती, इतके दिवस ऊन खाऊन एका बाजूने फिकी पडलेली. तो कोपरा शोधला आणि गालाला लावला. सुका होता. खडखडीत.

सूनबाई दारात येऊन म्हणाली, "बाबा, द्या एक बाजू, मी धरते."

"राहू दे," मी म्हटलं.

दोन टोकं ग्रीलला बांधली, दोन मी धरली, मागे सरलो, ओढली, झटकली. मग चालत पुढे गेलो, आणि टोकं घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून गाठी सोडून चारही मीच घेतली. घडी वाकडी झाली. वाकडीच कपाटात ठेवली, सगळ्यांत वर.